जसंच्या तसं

शपथ मी रोज घेते:
जे बोललं जाईल ते जसंच्या तसं,
पदरचं काही घालणार नाही,
गाळणार नाही.

कायर्नार्वनचं न्यायालय, खोली क्रमांक चार.
न्यायाधीशबाईंना सर्दी झालेली,
त्यांच्या कानावर हेडफोन, त्यात माझा आवाज.
समोर एलिनेडबाई, वय चौऱ्याऐंशी,
निळ्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली,
मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरलेली.

वकिलाने विचारलं, मुलगा कसा वागतो?
त्या म्हणाल्या, पोपेथ अन याउन.
मी इंग्रजीत सांगितलं, सगळं ठीक आहे.

भाषांतर बरोबरच होतं.
एवढंच, की आमच्या वेल्श घरांतून हे शब्द
दार लोटून घेताना म्हणतात,
उंबऱ्यावरच्या माणसाला आत न घेता.
हे सांगायची मला मुभा नव्हती.

फ्रिजला कुलूप?
– माझी साखर वाढते ना.
पेन्शनचं कार्ड?
– मी विसरते हो, कुठेही ठेवते.
घर त्याच्या नावावर केल्याचा कागद?
– सही माझीच आहे.
कोणी भेटायला आलं, की तुमच्या कानातल्या यंत्राच्या
बॅटऱ्या तो काढून घेतो?

यावर त्या काहीच बोलल्या नाहीत.
मी माइक चालू ठेवला.
न्यायाधीशबाईंना माझा श्वास ऐकू गेला असेल.

शेजारची बेथान साक्षीला उभी राहिली.
फेब्रुवारीत नऊ दिवस यांच्या धुराड्यातून धूर नव्हता,
म्हणाली,
आणि गेथिनच्या खोलीची काच तेवढी घामेजलेली.

डॉक्टरांनी लिहून दिलं होतं: बुद्धी शाबूत.
शंभरातून सात-सात वजा करत बाई दोनपर्यंत उतरल्या,
वाटेत डॉक्टरांची एक चूकही दुरुस्त केली.
मग कोर्टाचं इथे काम काय?
गेथिनचा वकील अर्धा तास हेच म्हणत होता.
कौन्सिलची वकील एका वाक्यात म्हणाली:
बुद्धी जागेवर आहे,
'नाही' म्हणायला जागा उरलेली नाही.

ते भाषांतर करताना मी अडखळले.
आमच्या भाषेत सुटा 'नाही' सहसा चालत नाही.
ज्या क्रियापदाने प्रश्न येतो
तेच उलटं करून
दर वेळी नवा नकार घडवावा लागतो.

गेथिन मागच्या बाकावर नखं खात बसला होता.
छप्पन्न वर्षांचा. पाटीच्या दगडाची खाण बंद झाल्यापासून घरीच.
चार वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं
तेव्हा यानेच तिला पाठुंगळी घेऊन जिना उतरवला होता.
तेही कागदपत्रांत आहे,
पान एकशे बारा.

हुकूम मी बाहेरच्या बाकावर वाचून दाखवला.
गेथिन याने आईच्या अंगावर ओरडू नये.
आईच्या नावाची पत्रं फोडू नयेत.
अन्नाला कुलूप घालू नये.
भेटायला आलेल्याला दारातून परवू नये.
घराच्या कोणत्याही कागदावर, कोणत्याही कारणाने,
आईची सही मागू नये.

चॅपलमध्ये हलवावी तशी त्या मान हलवत होत्या.
मग म्हणाल्या, यादी केली की फार दिसतं, नाही?
मग, कोळसा आत कोण आणणार?
हुकमात कोळशाबद्दल काही नव्हतं.

झाकली मूठ उघडायला चौऱ्याऐंशी वर्षं लागली,
आणि आत काय, तर
तळव्यावर स्वतःच्याच नखांचे चार वण.
मी पाहिले, कारण त्यांनी पर्स उघडली,
बेथानने दिलेल्या नव्या बॅटऱ्या काढल्या,
एक-एक करून कानात बसवल्या,
आणि कॉरिडॉरचा गलका ऐकून दचकल्या.
किती मोठ्याने बोलता गं तुम्ही सगळे.

टॅक्सी यायची होती. माझी शपथ संपली होती.
मी सहज विचारलं,
घरी बरं होतं का तुम्हाला?

त्यांनी माझंच क्रियापद घेतलं,
जरा हातात धरून पाहिल्यासारखं केलं,
आणि उलटं केलं.

नव्हतं.